कोचीचा सातबारा

घरात एकाने पुस्तकं वाचायची सवय लावून घेतली की बाकीच्यांचे वाचायचे कष्ट वाचतात. सहल निघाली की गाइडचे पैसेही वाचतात. ‘गाइड कशाला? हे आहेत की!’ असं आमची बायको ज्या सुरात म्हणते, त्याच सुरात ती ‘प्लंबर कशाला? हे आहेत की!’ असंही म्हणते. दोन्ही प्रसंगी शेवटी पाणी माझ्याच तोंडावर उडतं.

तरी शहर सरळ असेल तर निभावून जातं. एक राजा, एक किल्ला, एक लढाई, एक फितूर, की झालं. फितुराचं नाव निघालं की मंडळी आपसांत बोलायला लागतात आणि मला चहा घेता येतो. कोचीत तशी सोय नाही. इथे अरब आले, ज्यू आले, चिनी आले, पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले. बरं, प्रत्येकाने येताना आधीच्याचं सगळं मोडून नवं उभारलं असतं तरी पाठ करायला बरं गेलं असतं. त्यांनी आधीच्याचं थोडं पाडलं, थोडं रंगवलं आणि उरलेलं स्वतःच्या नावाने वापरायला काढलं. अशा गावात माहिती सांगणं अवघड असतंच. त्यात सोबत आमचे नाना होते.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. तलाठी म्हणून चिकटले आणि सर्कल म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण दप्तर अजून डोक्यातून उतरलेलं नाही. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना एकच कुतूहल वाटतं : ती कोणाच्या नावावर आहे? ताजमहालासमोर सगळे ‘वाहवा’ करत असताना नानांनी ‘मोजणी झालीय का?’ असं विचारलं होतं. प्रेमाची निशाणी वगैरे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण वारसनोंद?’

बाकी मंडळींत काकू होत्या, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, माहेर अलिबागचं. माझे साडू होते. ते गडप्रेमी, जमिनीपासून दोन पायऱ्या उंच काही दिसलं की ‘चढाई’ म्हणतात. मेव्हणी होती, आणि त्यांचा मुलगा होता, जो कोचीत आल्यापासून प्रत्येक ऐतिहासिक वास्तूत फक्त चार्जिंगचा पॉइंट शोधत होता.

सहलीची आखणी साडूंनी केली होती. त्यांनी वहीत तीन रंगांच्या शाईने तक्ता काढला होता. शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा, शनिवारी ज्यूंचं सिनेगॉग, रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्च. राजवाड्याची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. सिनेगॉग शनिवारी बंद, कारण तो ज्यूंचा शब्बाथ. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. म्हणजे इतक्या सगळ्या लोकांनी इथे येऊन आपापली सुटी तेवढी कायम ठेवली होती आणि प्रवाशांना बघायला सोमवार ते गुरुवार उरला होता. आम्ही गुरुवारी रात्री पोचलो.

शुक्रवारी सकाळी एर्नाकुलमहून बोटीने निघालो. पाणी शांत होतं, वारा छान होता आणि मंडळी माझ्याकडे ‘हं, करा सुरू’ अशा नजरेने बघत होती. मी सुरू केलं. म्हटलं, पूर्वी इथून उत्तरेला मुझिरिस नावाचं मोठं बंदर होतं. रोमन लोक तिथे मिरी न्यायला येत. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, ते बंदर गाळाने बुजलं आणि इकडे कोचीच्या खाडीचं तोंड मोठं झालं, असं सांगतात.

‘पंचनामा झाला होता?’ नानांनी विचारलं.

‘नाना, चौदाव्या शतकातली गोष्ट आहे.’

‘पुराचा पंचनामा कुठल्याही शतकात करावाच लागतो, जावईबापू.’

मी घाईघाईने समोरचं विलिंग्डन बेट दाखवलं. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर १९२० साली इथे आला. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्यामुळे मोठी जहाजं आत येत नसत. त्याने तो खणून काढला, खोल मार्ग केला आणि उपसलेल्या गाळाची भर घालून हे बेट केलं. त्याला व्हाइसरॉय विलिंग्डनचं नाव दिलं.

नाना उठून उभे राहिले. बोटवाल्याने त्यांना खाली बसवलं. ते पुन्हा उठले.

‘मळईची जमीन!’ त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ‘अख्ख्या नोकरीत मला एवढी मळई बघायला मिळाली नाही हो! आमच्याकडे नदी फार तर दोन गुंठे टाकायची, आणि त्यावरून तीन पिढ्या कोर्टात. लगतच्या खातेदाराचा पहिला हक्क असतो. इथे लगत कोण?’

‘समुद्र.’

‘मग समुद्राला नोटीस काढायला हवी होती.’

फोर्ट कोचीला उतरलो तेव्हा साडू ट्रेकिंगचे बूट घालून, पाठीला सॅक लावून, हातात काठी घेऊन सगळ्यात पुढे होते. ‘फोर्ट’ म्हटल्यावर ते थांबणार कसे? पुढे गेले, डावीकडे गेले, उजवीकडे गेले आणि घाम पुसत परत आले.

‘किल्ला कुठाय?’

किल्ला होता. पोर्तुगीजांनी १५०३ साली राजाच्या परवानगीने इथे फोर्ट इमॅन्युएल बांधला. युरोपियनांचा हिंदुस्थानातला पहिला किल्ला तो हाच. १६६३ साली डचांनी कोची घेतली आणि किल्ला छाटून लहान केला. १७९५ साली इंग्रजांनी कोची घेतली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ला पाडून टाकला. आता समुद्रकाठी थोडे दगड उरले आहेत आणि गावाचं नाव उरलं आहे.

साडूंचा चेहरा उतरला. आयुष्यात प्रथमच त्यांच्यासमोर असा किल्ला आला होता जो चढून जाण्याऐवजी वाकून शोधावा लागत होता. शेवटी ते एका पडक्या भिंतीच्या तुकड्यावर चढले, कमरेवर हात ठेवून क्षितिजाकडे बघत उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, ‘काढ फोटो.’ मुलाच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. मग मेव्हणीने फोटो काढला. त्यात साडूंच्या मागे क्षितिज नव्हतं, टरबुजाची गाडी होती.

सेंट फ्रान्सिस चर्च पाहायला आम्ही तिथूनच गेलो. नशिबाने ते शुक्रवारी उघडं होतं. आत गेल्यावर वर बघितलं तर लांबलचक कापडी पंखे टांगलेले, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर गेलेल्या. साहेब आत बसून प्रार्थना करायचा आणि बाहेर उन्हात एकजण दोरी ओढायचा. ‘प्रार्थना कोणाला लागू पडली असेल?’ असं काकूंनी विचारलं. त्यावर चर्चमध्ये उत्तर देणं मला प्रशस्त वाटलं नाही.

नानांनी खिशातून छोटी डायरी काढली. ‘सांगा,’ म्हणाले, ‘मूळ मालक?’

‘पोर्तुगीज. आधी लाकडी चर्च होतं, १५१६ मध्ये पक्कं झालं.’

‘पहिला फेरफार?’

‘१६६३. डचांनी पोर्तुगीजांची बाकीची चर्चेस पाडली, हे तेवढं स्वतःच्या पंथासाठी ठेवलं.’

‘दुसरा?’

‘१८०४. डचांनी ते इंग्रजांच्या चर्चकडे आपण होऊन सोपवलं.’

‘आपण होऊन?’ नानांचं पेन थांबलं. ‘ताबा आपण होऊन? कोर्ट-कचेरी न करता? जावईबापू, तुम्ही वाचताना एखादं पान सोडलंय.’

‘आणि आता ते चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे.’

नानांनी चौथी नोंद केली आणि खाली लांबलचक रेघ ओढली. तेवढ्यात काकूंनी त्यांना हाक मारली. त्या जमिनीतल्या एका थडग्यापाशी उभ्या होत्या. भोवती कठडा होता. मी सांगितलं, हे वास्को द गामाचं थडगं. तिसऱ्या खेपेला तो व्हाइसरॉय होऊन आला आणि तीन-चार महिन्यांतच, १५२४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, इथे कोचीत वारला.

सगळे गंभीर झाले. शाळेत ज्याच्या सनावळीवरून मार खाल्ला तो माणूस पायाशी आहे म्हटल्यावर मनात काही ना काही येतंच.

‘म्हणजे हा इथे आत आहे?’ साडूंनी हळू आवाजात विचारलं.

‘नाही. त्याच्या अस्थी १५३९ च्या सुमारास पोर्तुगालला नेल्या.’

‘मग आत कोण आहे?’

‘कोणी नाही.’

‘आणि कठडा?’

‘रिकाम्या जागेला आहे.’

नाना मात्र बोटांवर हिशेब करत होते. ‘१५२४ ते १५३९,’ ते म्हणाले, ‘पंधरा वर्षं. अहो, बारा वर्षं शांतपणे, उघडपणे, अखंड ताबा असला की कायद्याने हक्क लागतो. याच्याइतका शांत आणि अखंड ताबा दुसऱ्या कोणाचा असेल? माणूस हललेलासुद्धा नाही. याला इथून उठवलाच कसा?’

शेजारी उभ्या असलेल्या दोन परदेशी बायकांना वाटलं की हे गृहस्थ मृतासाठी कळवळून बोलत आहेत. त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला.

शनिवारी एकादशी निघाली. नानांचा उपवास कडक. त्यात आदल्या दिवशीच्या माहितीमुळे पोर्तुगीजांवर त्यांचा राग बसलेला. सकाळीच त्यांनी जाहीर केलं, ‘त्या लोकांनी आणलेलं काहीही मी आज तोंडात घालणार नाही. आपला शुद्ध उपवास.’ काकूंनी सोबत डबा आणला होताच. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची. वर रताळ्याचा कीस. नाना तृप्तपणे जेवत होते. मी गप्प बसणार होतो, देवाशपथ. पण बायकोनेच विचारलं, ‘पोर्तुगीजांनी काय काय आणलं हो?’

मग सांगावं लागलं. मिरची मूळची अमेरिका खंडातली. बटाटा तिकडचाच. शेंगदाणाही. रताळंही. हे सगळं पोर्तुगीजांनी समुद्राचा रस्ता उघडल्यानंतर आपल्याकडे आलं.

नानांचा घास हातात राहिला. ‘साबुदाणा?’ त्यांनी शेवटच्या आशेने विचारलं.

‘तो ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. इथे त्याला कप्पा म्हणतात आणि माशाच्या कालवणाबरोबर खातात.’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मीठ तेवढं स्वदेशी निघालं. शेवटी काकू म्हणाल्या, ‘खा हो. ताबा पाचशे वर्षांचा आहे. तुमचेच तर बारा वर्षांचे नियम.’ नानांनी खाल्लं. दुसऱ्यांदा खिचडी मागून घेतली, हेही नोंदवून ठेवतो.

त्या दिवशी राजवाडा उघडा होता. बाहेरून तो राजवाडा वाटत नाही. आमच्याकडच्या एखाद्या सधन वाड्याइतका बेताचा आहे. आत मात्र भिंतींवर रामायणातली अशी चित्रं आहेत की मुलानेसुद्धा मोबाइल खिशात ठेवला. चार्जिंगचा पॉइंट नव्हता, हे एक कारण असू शकेल.

‘याला डच पॅलेस म्हणतात,’ मी सांगितलं.

‘डचांनी बांधला,’ नानांनी लिहिलं.

‘नाही. पोर्तुगीजांनी बांधला, १५५५ मध्ये.’

नानांनी खोडलं. ‘म्हणजे पोर्तुगीज गव्हर्नर राहायचा?’

‘नाही. कोचीच्या राजाला, वीर केरळ वर्म्याला, भेट दिला. आधी त्यांनी इथलं एक देऊळ लुटलं होतं म्हणतात, म्हणून राजाची समजूत काढायला.’

‘आणि डच?’

‘त्यांनी १६६३ नंतर डागडुजी केली.’

नानांनी पेन बंद केलं. ‘थांबा. जागा राजाच्या राज्यातली. त्यावर पोर्तुगीजांनी वाडा बांधून राजालाच बक्षीसपत्र करून दिलं. आणि गिलावा ज्याने केला त्याचं नाव लागलं? मग आमच्या घराला गवंड्याचं नाव लावा की!’

मी राजांच्या तसबिरींकडे त्यांचं लक्ष वळवलं. इथेही चूक झाली नाही, पण शांतताही मिळाली नाही. कारण मेव्हणीने विचारलं, ‘हे सगळे बापलेक का?’ आणि मला सांगावं लागलं की कोचीच्या राजघराण्यात वारसा आईकडून चालायचा. राजाच्या मागे त्याचा मुलगा नव्हे, बहिणीच्या बाजूचा वारस गादीवर यायचा.

काकूंचा चेहरा उजळला. नानांचा काळवंडला. नानांचा आणि त्यांच्या सख्ख्या भाच्याचा गावच्या बांधावरून दावा चालू आहे, आणि तो भाचा नेमका जिंकत आला आहे. ‘अशाने राज्यं बुडतात,’ एवढंच म्हणून नाना पुढच्या दालनात गेले. काकू मात्र प्रत्येक तसबिरीखाली थांबून ‘याची आई कोण?’ असं मला विचारत राहिल्या.

राजवाड्याच्या मागेच सिनेगॉग. शनिवार असल्यामुळे बंद. साडूंनी तक्ता पुन्हा पुन्हा उलटापालटा करून पाहिला, शाईचा रंग बदलून दार उघडत नव्हतं.

‘आज कसं उघडं असेल?’ काकू म्हणाल्या. ‘शनवार ना!’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘अलिबागची आहे मी. आमच्याकडे इस्रायल आळी आहे. ते लोक तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. हे काय पुस्तकात वाचायचं असतं?’

‘मग सांगितलं का नाही?’

‘मला कोणी विचारलं? गाइड हे आहेत ना.’

बायकोने माझ्याकडे बघितलं. नळ गळत असताना बघते तसं.

बाहेरच्या गल्लीतून १७६० सालचा घड्याळाचा मनोरा मात्र दिसत होता. त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिपींतले आकडे आहेत : हिब्रू, रोमन, मल्याळम. ज्याने त्याने आपल्या बाजूने आपली वेळ वाचावी. बंद दारासमोर कोणत्या लिपीत किती वेळ थांबायचं, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्ही मिरी घ्यायला गेलो.

मट्टनचेरीचा बाजार म्हणजे नाकाने हिंडायची जागा. मिरी, सुंठ, वेलदोडा, जायफळ, लवंग. याच वासापायी अर्धी दुनिया इथे आली. काकू एका दुकानात शिरल्या आणि दुकानदाराच्या समोर स्टुलावर बसल्या. काकू बसल्या की दुकानदाराने ओळखावं.

त्या घासाघीस करत असताना मी वेळ घालवायला गामाची पहिली खेप सांगितली. १४९८ साली तो कालिकतला उतरला आणि तिथल्या सामुतिरी राजाला त्याने नजराणा काढला : थोडं कापड, काही टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची सहा भांडी, साखर, तेल आणि मध. ते बघून दरबारातले लोक हसले. म्हणाले, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो.

‘हात धुवायची भांडी?’ मेव्हणी म्हणाली.

‘सहा?’ बायको म्हणाली.

‘त्याच्या लग्नात आलेली असणार,’ काकू दुकानदारावरची नजर न हटवता म्हणाल्या. ‘पुढे सरकवली. मीही तुझ्या आतेच्या मुलीला दिलीच की लेमन सेटची दोन खोकी.’

‘ते आम्हीच तुम्हाला दिले होते,’ बायको म्हणाली. तिथे संभाषण थोडं थांबलं.

दुकानदाराचं आणि काकूंचं एका भाषेवर एकमत नव्हतं. तो मल्याळम, इंग्रजी आणि हिंदी बोलत होता. काकू अलिबागची मराठी आणि भुवया. मिरीचे दाणे त्यांनी हातावर घेतले, चोळले, फुंकले, एक चावला, दोन परत टाकले. त्याने भाव सांगितला. काकू उठल्या. त्याने भाव उतरवला. काकू बसल्या. असं उठबस करत बाई अशा भावाला पोचल्या की दुकानदाराने हात जोडले. पोर्तुगीजांनी तोफा आणल्या, डचांनी पोर्तुगीजांना हाकललं, इंग्रजांनी डचांना हाकललं, सगळं स्वस्त मिरीसाठी. एक स्टूल आणि एक अलिबागकरीण पुरली असती.

पुढच्या गल्लीत नानांनी एका म्हाताऱ्या दुकानदाराला मराठीत पत्ता विचारला. मी ‘अहो, इथे मराठी कोणाला...’ म्हणेपर्यंत त्याने उत्तर दिलं. कोकणीत. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा तिथून निघालेली अनेक गौड सारस्वत कुटुंबं कोचीला आली. त्यांची वस्ती, त्यांचं तिरुमल देवस्थान अजून इथे आहे. मी सांगितलं की व्हान रीड नावाच्या डच अधिकाऱ्याने मलबारच्या सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती जमवून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ केला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी पंडितांनी त्यात मदत केली, आणि माहिती खरी असल्याचं त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे.

‘साक्षीदार आपल्याकडचे!’ नानांची छाती फुगली. ‘सह्या आहेत ना? अंगठे नाहीत ना?’

‘सह्या आहेत.’

‘मग तेवढा एक कागद या गावात पक्का.’

रविवारी सिनेगॉग उघडलं. बूट बाहेर काढायचे असतात. साडूंच्या ट्रेकिंगच्या बुटांच्या नाड्या सोडवण्यात आमच्यामागे रांग लागली. नानांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता, तो त्यांनी दुसऱ्या पायाखाली झाकला आणि तसेच आत सरकले. १५६८ सालची ही वास्तू. वर काचेची झुंबरं आणि पायाखाली चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. हे ऐकून मुलगा खाली बसला आणि दोन सारख्या फरश्या शोधू लागला. पहिल्यांदाच त्याची मान इतिहासाकडे वळली. ती खालीच होती, ही गोष्ट वेगळी.

१९४८ नंतर इथली बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली. नानांनी ते मुकाट्याने ऐकलं. मग त्यांना भिंत दिसली.

‘या बाजूला काय?’

‘राजवाड्याचं आवार. राजाने त्यांना स्वतःच्या वाड्याला आणि देवळाला लागून जागा दिली.’

‘सामाईक भिंत? एका अंगाला देऊळ, एका अंगाला हे? आणि साडेचारशे वर्षांत भिंतीवरून एकही दावा नाही?’

‘माझ्या वाचनात नाही.’

नाना विचारात पडले. नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘रेकॉर्ड गहाळ झालं असणार.’

संध्याकाळी चिनी जाळ्यांकडे गेलो. किनाऱ्याला लागून सागवान आणि बांबूचे अजस्र सांगाडे, पुढे टांगलेलं जाळं, मागे दोरांना बांधलेले मोठाले दगड. चार-सहा माणसांनी मिळून दोर ओढले की जाळं पाण्यातून वर येतं. नानांनी डायरी उघडली. मी सांगितलं की कोणी म्हणतं कुब्लाई खानाच्या दरबारातून ही आली, कोणी म्हणतं चिनी दर्यासारंग झंग ह याच्या ताफ्याबरोबर, आणि कोणी म्हणतं पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली.

‘तीन दावेदार,’ नाना म्हणाले. ‘कागद एकाकडेही नाही. ताबा?’

ताबा एका लुंगीवाल्या कोळ्याकडे होता. त्याने हाताने खुणावलं : या, ओढा. साडू धावले. नाना गेले. बायकोने मला ढकललं. आम्ही दोर धरले आणि त्या माणसांच्या हाकाऱ्याबरोबर ओढायला लागलो. साडूंच्या पायाला अखेर चढाईचा जोर सापडला. नानांचा खांदा कटकन् वाजला. जाळं वर आलं. त्यात मूठभर मासे, एक खेकडा आणि रबरी चपलेचा एक पाय होता.

काकूंनी वाकून पाहिलं. ‘एवढ्यात माझं कालवण फोडणीलाही पुरायचं नाही.’

कोळ्याने बक्षिशीसाठी हात पुढे केला. आता वाद होणार म्हणून मी पुढे सरकलो, तर नानांनी खांदा चोळत स्वतःच पाकीट काढलं. नानांचं पाकीट उघडताना पाहण्याचा योग घरात फार थोड्यांना आला आहे.

‘द्यायलाच पाहिजेत,’ ते म्हणाले. ‘कसेल त्याची जमीन. ओढेल त्याचं जाळं. चीनचा माणूस येतोय होय रोज सकाळी दोर ओढायला? लिहा, कब्जेदार सदरी हाच.’ मग डायरीची मागची पानं चाळून ते म्हणाले, ‘वाड्याला डचांचं नाव का लागलं तेही आलं लक्षात. गिलावा का होईना, हात त्यांनी लावला.’

असा निवाडा देऊन नाना रात्रीच्या गाडीला निघाले. खांदा दुखत असल्याने वरच्या बर्थवर चढणं अशक्य. पण खालचा बर्थ त्यांच्याच नावावर होता. तिकीट दोन प्रतींत काढून एक खिशात, एक काकूंच्या पर्समध्ये, अशी तयारी होती.

गाडी दक्षिणेकडून भरून आली होती. नानांच्या बर्थवर एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. उशाला हवेची उशी, खिडकीच्या खुंटीला शर्ट, टेबलावर स्टीलचा डबा, बर्थखाली फणस. गृहस्थांचा मुलगा पायथ्याशी झोपला होता. वहिवाट स्पष्ट दिसत होती.

नाना तिकीट हातात धरून उभे राहिले. गृहस्थांनी वर पाहिलं आणि स्वच्छ डोंबिवलीच्या मराठीत म्हणाले, ‘अहो काका, उभे का? बसा ना. आपलीच जागा आहे.’

एवढं बोलून त्यांनी मुलाचे पाय थोडे आत सरकवले आणि कोपऱ्यात वीतभर जागा केली. नाना तिथे टेकले. गृहस्थांनी केळ्याच्या वेफर्सची पिशवी पुढे केली. नानांनी दोन घेतले आणि म्हणाले, ‘आभारी आहे.’

गाडी सुटल्यावर ते माझ्या कानाशी आले. ‘जावईबापू, तिकीट दाखवू का यांना?’

‘आता कशाला नाना? बक्षीसपत्र झालंय. वेफर्सही स्वीकारलेत तुम्ही.’